प्रवेशपटापासून सनदेपर्यंत

वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास कोणीही लिहावयास घेतला तरी पहिल्या दहापाच पानांतच वकिलांची नावे ओळीने येऊ लागतात. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी शंकरन् नायर हे मद्रासचे विधिज्ञ होते, तर स्वागताची सारी जबाबदारी दादासाहेब खापर्डे या अमरावतीच्या वकिलांनी उचलली होती. खापर्ड्यांनी १८८४ साली एलएल.बी. ही पदवी घेतली, काही वर्षे वऱ्हाडातच मुनसफ व एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी चाकरी केली आणि पुढे ती सोडून अमरावतीत स्वतंत्र वकिली मांडली. १९१२ साली बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणारे आर. एन. मुधोळकर आणि त्यांचे समकालीन मोरोपंत जोशी हेही अमरावतीच्याच वकीलवर्गातले. यांपैकी एकालाही वऱ्हाडात राहून कायद्याची पदवी संपादन करण्याची सोय नव्हती. जो कोणी मुंबईस जाऊन परत आला तो वकील झाला. जो अर्ध्या वाटेवरून माघारी फिरला त्याचे काय झाले याची कोणत्याही दप्तरात नोंद उरलेली नाही, कारण विद्यापीठांच्या जुन्या कॅलेंडरांत वर्षवार छापलेली नावे उत्तीर्णांचीच आहेत. प्रस्तुत प्रकरणाचा विषय नेमका ही न छापलेली नावे आहे.

आज परिस्थिती पार पालटली आहे. अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव देशमुख विधि महाविद्यालय आहे, अकोल्यास अकोला विधि महाविद्यालय आहे, यवतमाळास अमोलकचंद विधि महाविद्यालय आहे. दर्यापूरच्या किंवा तेल्हाऱ्याच्या मुलाला घरची भाकरी बांधून घेऊन वकिलीचे शिक्षण घेता येते. मात्र सोय झाली की निवडीचा प्रश्न उभा राहतो. कोणते महाविद्यालय चांगले, तीन वर्षांचा अभ्यासक्रम बरा की बारावीनंतरचा पाच वर्षांचा, असे पालक विचारू लागतात, आणि त्यांच्या हाती उत्तरादाखल बहुधा एकच आकडा पडतो: निकाल इतके टक्के. हा आकडा खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. तो पुष्कळदा अगदी खरा असतो. परंतु तो कशाला भागून काढला आहे हे कळल्यावाचून त्यावर भरवसा ठेवणे म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी न घेताच निवाडा देण्यासारखे आहे.

तुलना करावयाची तर आधी तुलनेची न्याय्य मर्यादा ठरविली पाहिजे, आणि ती ठरविताना या भागाचा शैक्षणिक इतिहास डोळ्यांआड करून चालत नाही. वऱ्हाड-मध्यप्रांतातील महाविद्यालये आधी कलकत्ता व मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, १९२५ साली त्याचे विधि महाविद्यालय सुरू झाले, आणि त्यानंतर सुमारे साठ वर्षे वऱ्हाडचा विद्यार्थी व नागपूरचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाच्या परीक्षेस बसत होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. त्याचेच नामाभिधान पुढे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ असे करण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ साली अकोल्यातून निघालेला वाशीम असे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या विभाजनाचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अमरावती व नागपूर येथील निकालांची जी तुलना १९८२ पर्यंत बिनदिक्कत करता येत होती ती १९८३ नंतर संशयास्पद झाली, कारण प्रश्नपत्रिका काढणारे निराळे, उत्तरपत्रिका तपासणारे निराळे, अभ्यासमंडळ निराळे, आणि अपूर्ण गुणांना सवलत देण्याचे नियमही निराळे. उलट अमरावती आणि अकोला यांची तुलना आजही निर्धास्तपणे करता येते. दोन्ही ठिकाणचा विद्यार्थी त्याच दिवशी, त्याच वेळी, तीच प्रश्नपत्रिका सोडवितो.

यालाही एक अपवाद आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली केलेल्या विधिशिक्षण नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याला किमान वीस अनिवार्य विषय, सहा ऐच्छिक विषय आणि चार प्रात्यक्षिक स्वरूपाचे विषय पूर्ण करावे लागतात. दस्तऐवज व कैफियती लिहिणे, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय असे ते चार विषय होत. यांतील शेवटच्या विषयात तीस-तीस गुणांचे तीन भाग व दहा गुणांची तोंडी परीक्षा अशी विभागणी नियमातच सांगितली आहे. या विषयांतील गुण मोठ्या प्रमाणात महाविद्यालयाच्या स्वतःच्या मूल्यमापनावर अवलंबून असतात, आणि ज्या महाविद्यालयाचा हात सैल त्याच्या विद्यार्थ्यांची एकूण श्रेणी वर सरकते. म्हणून दोन महाविद्यालये शेजारी ठेवावयाची झाल्यास हे गुण बाजूला काढून केवळ विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे गुण ताडून पाहावे. उत्तीर्णतेच्या हिशेबात याने फार फरक पडत नाही, परंतु प्रथम श्रेणीच्या हिशेबात बराच पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. समजा दोन विधि महाविद्यालये आहेत. नावे देण्याचे कारण नाही, कारण पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. दोहोंनीही एका वर्षी शंभर-शंभर विद्यार्थी घेतले. पहिल्यातील साठजण अंतिम सत्राच्या परीक्षेस बसले व चौपन्न उत्तीर्ण झाले. दुसऱ्यातील नव्वदजण बसले व बहात्तर उत्तीर्ण झाले. पहिले महाविद्यालय आपल्या माहितीपत्रकात नव्वद टक्के निकाल छापील, दुसऱ्याला ऐंशी टक्क्यांवर समाधान मानावे लागेल, आणि पालक आपल्या मुलाला पहिल्यात घालतील. वस्तुतः ज्या शंभरांनी फी भरून प्रवेश घेतला त्यांपैकी पहिल्यात चौपन्नच पदवीधर झाले व दुसऱ्यात बहात्तर. कापसाच्या जिनात रुईचा उतारा सांगावयाचा झाला तर आत आलेल्या गाडीचे वजन आधी काट्यावर घेतात. अकोल्याच्या बाजारात ज्याला हे शिकवावे लागेल असा अडत्या सापडावयाचा नाही, पण शिक्षणाच्या बाजारात मात्र बाहेर पडलेल्या रुईचेच वजन करून उतारा सांगण्याची रीत पडून गेली आहे.

ही रीत केवळ माहितीपत्रकांपुरती मर्यादित नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या चौकटीत उत्तीर्णतेचे प्रमाण काढताना अंतिम वर्षाच्या परीक्षेस बसलेल्यांची संख्या हाच छेद धरलेला आहे, आणि पुढे नोकरी किंवा उच्च शिक्षणाकडे गेलेल्यांचे प्रमाण काढताना बाहेर पडलेल्यांची संख्या. मधल्या वाटेवर जे गळाले त्यांना या दोन्ही हिशेबांत स्थान नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीत विधिशाखेचा समावेश २०१८ पासून झाला. तेथे याच्या उलट टोकाचा छेद धरतात: मंजूर प्रवेशक्षमतेच्या मानाने किती विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, हे तीन वर्षांच्या सरासरीने पाहतात. ही पद्धत अधिक कडक आहे खरी, पण तीत निराळाच अन्याय होतो, कारण ज्या महाविद्यालयाच्या जागाच रिकाम्या राहिल्या त्याला न आलेल्या विद्यार्थ्यांच्या नापासाचाही दोष लागतो. आमच्या मते योग्य छेद या दोहोंच्या मध्ये आहे, आणि तो म्हणजे प्रवेशाची मुदत संपल्यानंतर पहिल्या सत्राच्या हजेरीपटावर प्रत्यक्ष असलेली नावे.

येथे कोणी विचारील की ही नावे शेवटपर्यंत सापडत राहणार कशी? विद्यापीठाच्या निकालाचा एखादा तक्ता हाती घेऊन पाहावा. विदर्भात परीक्षा उन्हाळी व हिवाळी अशा दोन हंगामांच्या नावांनी ओळखल्या जातात, आणि प्रत्येक हंगामाला विद्यार्थ्याचा आसन क्रमांक बदलतो. त्यामुळे आसन क्रमांकाच्या आधारे माग काढू गेल्यास दोन सत्रांत वाट हरवते. परंतु त्याच विद्यार्थ्याला प्रथम प्रवेशाच्या वेळी जो नोंदणी क्रमांक मिळतो तो शेवटपर्यंत कायम असतो. परीक्षेचा अर्ज त्याच क्रमांकावर भरला जातो, गुणपत्रिकेवर तोच येतो. म्हणजे एखाद्या वर्षीच्या तुकडीतील सर्व नोंदणी क्रमांक एका कागदाच्या डाव्या बाजूस उतरवून पुढे सहा किंवा दहा रकाने पाडले, आणि प्रत्येक सत्राच्या निकालावरून ‘उत्तीर्ण’, ‘एटीकेटी’, ‘अनुपस्थित’, ‘निकाल राखीव’ अशी खूण त्या त्या रकान्यात भरली, की त्या तुकडीचा सारा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो. कोणत्या सत्रात रकाने एकाएकी रिकामे होतात, कोण एक हंगाम गाळून पुन्हा उगवतो, कोण सहाव्या सत्रात उत्तीर्ण असूनही दुसऱ्या सत्रातील एका विषयावाचून पदवीसाठी अडून राहिला आहे, हे अशा तक्त्यावर एका दृष्टिक्षेपात दिसते. याला संगणकतज्ज्ञ लागत नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक दक्ष कारकून आणि आठ दिवसांची सवड एवढ्यावर हे काम उरकते.

रिकाम्या रकान्यांचा अर्थ लावताना मात्र घाई करू नये. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाच्या सत्तर टक्के तासिकांना हजर असल्याशिवाय परीक्षेस बसता येत नाही. काही विशेष कारणाने ही मर्यादा पासष्ट टक्क्यांपर्यंत शिथिल करता येते. जे महाविद्यालय हा नियम काटेकोरपणे पाळते त्याचे काही विद्यार्थी परीक्षेपूर्वीच अडविले जातात, आणि मग बसलेल्यांच्या मानाने काढलेला त्याचा निकाल आपोआप उजळतो. हजेरीकडे कानाडोळा करणाऱ्या महाविद्यालयाचा तसाच निकाल खालावतो, कारण कच्चे विद्यार्थीही परीक्षेच्या दालनात पोचतात. एकच आकडा शिस्तीचेही फळ असू शकतो आणि शैथिल्याचेही.

शिवाय येथील विद्यार्थ्याचे जीवन. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला येणारा विद्यार्थी आधीच पदवीधर असतो. त्यांत जिल्हा परिषदेतील कारकून असतात, शाळांतील शिक्षक असतात, पोलीस व महसूल खात्यातील माणसे असतात, वडिलांच्या माघारी शेतीचा कारभार पाहणारे असतात. हिवाळी परीक्षेचा हंगाम आणि कापसाच्या वेचणीचा हंगाम वऱ्हाडात एकमेकांना लागूनच येतात, आणि मजूर मिळेनासा झाला की ज्याच्या घरी चार एकर पऱ्हाटी उभी आहे त्याला संविधानाच्या पेपरापेक्षा शिवाराची चिंता अधिक असते. मेळघाटातून, धारणीकडून घाट उतरून अमरावतीस येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण आणखी निराळी. त्यातच राज्यसेवेची व इतर स्पर्धा परीक्षांची तयारी करताना कायद्याचा अभ्यास उपयोगी पडतो म्हणून प्रवेश घेणारेही पुष्कळ असतात. असा एखादा दुसऱ्या वर्षी तलाठी किंवा फौजदार म्हणून निवडला जाऊन निघून गेला तर महाविद्यालयाच्या खात्यावर तो ‘गळती’ म्हणून पडतो, आणि घरी मात्र पेढे वाटले जातात. अशा इसमाला अपयशी म्हणणे हास्यास्पद होय. गेलेल्यांपैकी नोकरी लागली म्हणून किती गेले, विषय राहिले म्हणून किती, आणि पैशावाचून किती, असे तीन रकाने वेगळे पाडले तरच गळतीचा आकडा काही बोलू लागतो.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची गोष्ट वेगळी. तेथे बारावी झालेली अठरा वर्षांची मुले-मुली येतात. त्यांना नोकरीचा पाश नसतो, पण वाट दहा सत्रांची असते. आणि २००८ च्या नियमांनी मध्येच पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय बंद ठेवली असल्यामुळे तिसऱ्या वर्षानंतर ज्याचा धीर सुटला त्याच्या हाती बी.ए.देखील लागत नाही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम सोडणाऱ्याजवळ त्याची पहिली पदवी शाबूत असते. म्हणून या दोन अभ्यासक्रमांतील गळती सारख्याच टक्क्यांची असली तरी तिचे मोल सारखे नाही, आणि महाविद्यालयाने दोन्ही अभ्यासक्रमांचा मिळून एकच निकाल सांगितला तर तो ऐकून घेऊ नये.

तो का ऐकून घेऊ नये याला एक गणिती कारणही आहे, आणि ते इतके चमत्कारिक आहे की प्रथम ऐकताना खरे वाटत नाही. पुन्हा कल्पित आकडे घेऊ. पहिल्या महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस विद्यार्थी होते, त्यांतील सोळा पदवीधर झाले, म्हणजे ऐंशी टक्के; तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ऐंशी होते, त्यांतील चाळीस झाले, म्हणजे पन्नास टक्के. दुसऱ्या महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला ऐंशी होते व साठ झाले, म्हणजे पंचाहत्तर टक्के. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस होते व नऊ झाले, म्हणजे पंचेचाळीस टक्के. दोन्ही अभ्यासक्रमांत पहिले महाविद्यालय सरस आहे. पण बेरीज करून पाहावी: पहिल्यात शंभरांपैकी छप्पन्न, दुसऱ्यात शंभरांपैकी एकोणसत्तर! दोन्ही ठिकाणी जिंकलेला एकंदरीत हरला. संख्याशास्त्रात हा विरोधाभास एडवर्ड सिम्पसन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा यावरील निबंध १९५१ सालचा. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे आहे. १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के व स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के घेतले गेले असे दिसून विद्यापीठावर पक्षपाताचा संशय आला. विभागवार तपशील काढल्यावर उघड झाले की स्त्रियांचे अर्ज अधिक करून अशा विभागांकडे होते जेथे प्रवेश मिळणे सर्वांनाच कठीण होते; विभागाविभागांत त्यांच्याविरुद्ध सरसकट कल असा आढळला नाही. अमरावती आणि अकोला यांचे निकाल ताडताना कोणाच्या पटावर कोणत्या अभ्यासक्रमाचे किती विद्यार्थी आहेत हे आधी पाहावयाचे ते एवढ्यासाठी.

लहान संख्यांचाही एक धोका आहे. बार कौन्सिलने एका तुकडीला साठ विद्यार्थ्यांची मर्यादा घातली आहे. साठांपैकी छत्तीस पदवीधर झाले तर साठ टक्के, आणि आणखी पाचजण तरले तर अडुसष्ट. म्हणजे पाच विद्यार्थ्यांच्या आजारपणाने, लग्नाने किंवा एका अवघड प्रश्नपत्रिकेने आठ टक्क्यांचा फरक पडतो, आणि वृत्तपत्रांत ‘निकालात मोठी घसरण’ असा मथळा झळकतो. इतक्या लहान तुकडीत निव्वळ योगायोगाने दहा-बारा टक्के इकडे तिकडे होणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने मुळीच आश्चर्याचे नाही. एका वर्षाच्या आकड्यावरून महाविद्यालयाची पत ठरवू नये. निदान पाच तुकड्या एकत्र पाहाव्या.

पण पाच तुकड्या एकत्र करू गेल्यास काळाचे अडथळे आडवे येतात. २०१६ पासून राज्यात विधिशाखेचे प्रवेश सामाईक परीक्षेतून होऊ लागले, त्यापूर्वीची तुकडी व नंतरची तुकडी एकाच मापाने मोजता येत नाही. २०२० साली साथीमुळे उन्हाळी परीक्षा होऊ शकल्या नाहीत. अंतिम परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. पुढच्याच फेब्रुवारीत अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत रुग्णसंख्या एकाएकी वाढून पुन्हा टाळेबंदी आली, हे येथल्या लोकांना सांगावयास नको. त्या काळातील उत्तीर्णतेचे प्रमाण आधीच्या किंवा नंतरच्या वर्षांशी लावून पाहणे निरर्थक आहे. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता व पुरावा कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे अमलात आल्यामुळे ज्या विद्यार्थ्याने जुनी कलमे घोकली होती त्याला नव्या कलमांची ओळख करून घ्यावी लागली. अशा संक्रमणाच्या सत्रांत फौजदारी विषयांचे निकाल डळमळीत दिसले तर त्याचा सारा दोष शिकविणाऱ्यांवर टाकणे न्याय्य नव्हे.

पदवीने प्रवास संपतो असेही नाही. पदवीधराला बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून वकिलीची सनद घ्यावी लागते, आणि २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, ही वऱ्हाडातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. या परीक्षेच्या वैधतेविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी मिटविला आणि परीक्षा कायम ठेवली. विद्यापीठाची परीक्षा ज्या त्या विद्यापीठाची असते, परंतु ही परीक्षा साऱ्या देशाला एकच असल्यामुळे १९८३ साली तुटलेली अमरावती-नागपूर तुलना येथे पुन्हा जोडता येण्याजोगी आहे. कोणत्या महाविद्यालयाचे किती पदवीधर पहिल्या प्रयत्नात यात उत्तीर्ण झाले, हा आकडा आमच्या दृष्टीने अंतिम सत्राच्या निकालापेक्षा कितीतरी अधिक बोलका आहे.

न्यायाधीशपदाच्या वाटेवरही अलीकडेच मोठा फरक झाला. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी अर्ज करण्यापूर्वी तीन वर्षांची वकिली असलीच पाहिजे ही २००२ साली उठविलेली अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा लागू केली. निर्णय देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते अमरावतीत जन्मलेले तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई. या निर्णयाचे गुणदोष काहीही असोत, आपल्या हिशेबावर त्याचा परिणाम उघड आहे: पदवीनंतर वर्षभरात किती विद्यार्थी न्यायाधीश झाले असे जे महाविद्यालय अभिमानाने सांगत असे त्याला पुढील भरत्यांत तसे सांगता येणार नाही, आणि त्यावरून त्याचा दर्जा घसरला असे कोणी म्हणू लागले तर ती चूक ठरेल. प्रगती मोजावयाची तर पदवीनंतर निदान चार-पाच वर्षांनी मोजावी.

परदेशात या बाबतीत काय जाबता आहे ते थोडक्यात सांगतो, अनुकरणासाठी नव्हे तर शक्यतेचा दाखला म्हणून. इंग्लंडमध्ये ऑफिस फॉर स्टुडंट्स ही नियामक संस्था तीन गोष्टी निरनिराळ्या मोजते: पहिल्या वर्षानंतर किती टिकले, किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि पदवीनंतर सुमारे पंधरा महिन्यांनी किती जण योग्य कामाला किंवा पुढील शिक्षणाला लागले. पूर्णवेळ पहिल्या पदवीसाठी तिने २०२२ मध्ये ठरविलेल्या किमान मर्यादा अनुक्रमे ८०, ७५ व ६० टक्के अशा आहेत. अमेरिकेत विधिविद्यालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यालयाला आपली गळती दरवर्षी प्रसिद्ध करावी लागते, आणि वकिलीच्या परीक्षेस बसलेल्या त्याच्या पदवीधरांपैकी किमान ७५ टक्के पदवीनंतर दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावे लागतात. दोन्ही देशांत गळतीचा आकडा लपविण्याची मुभा महाविद्यालयाला ठेवलेली नाही. आमच्याकडे प्रवेशपट महाविद्यालयाच्या कपाटात, निकाल विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आणि सनदांची नोंदवही बार कौन्सिलच्या दप्तरी अशी तीन ठिकाणी माहिती पडून आहे. ती एका कागदावर आणण्याची सक्ती कोणावरही नाही, म्हणून ती येत नाही. यात कोणाची बदमाशी आहे असे आम्ही मानीत नाही. ज्या आकड्याने आपली शोभा होण्याची खात्री नाही तो आपण होऊन काढण्याचा उत्साह मनुष्यस्वभावातच कमी असतो.

तेव्हा ज्यांच्या घरातील मुलगा किंवा मुलगी यंदा कायद्याच्या अभ्यासक्रमाला जाणार आहे त्यांना एवढीच विनंती की माहितीपत्रकातील टक्केवारीवर न थांबता प्रवेश घेण्यापूर्वी कार्यालयात जाऊन तीन आकडे अभ्यासक्रमवार मागावे: काही वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या एखाद्या तुकडीत पहिल्या सत्राच्या पटावर किती होते, त्यांतले ठरलेल्या मुदतीत पदवीधर किती झाले, आणि त्यांतल्या किती जणांनी सनद घेतली. प्राचार्यांनी सांगितले तर उत्तमच. आणि सांगितले नाहीत तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ अन्वये विद्यापीठाकडे, आणि सनदांच्या संख्येसाठी बार कौन्सिलकडे, अर्ज करावा. त्यात कोणाचीही नावे मागू नयेत, तुकडीवार संख्या मागावी, आणि तयार गोषवारा नसेल तर उपलब्ध नोंदींची पाहणी मागावी. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते, आणि तीस दिवसांच्या आत उत्तर देणे जनमाहिती अधिकाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे.